कामगार संघटनांची रचना आणि प्रकार: मजुरी कोठे ठरते, यावरून केलेला विचार

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा आहे: अभ्यासक्रमाच्या पुस्तकात कामगार संघटनांचे व्यवसायनिहाय, उद्योगनिहाय, सर्वसाधारण आणि आस्थापनानिहाय असे चार प्रकार वाचले, परंतु सोलापुरात टॉवेलच्या यंत्रमागांवर आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची एक संघटना नोंदवायची ठरवली, तर ती या चारपैकी कोणत्या चौकटीत बसवावी आणि तिची अंतर्गत रचना कशी ठेवावी, हे पुस्तकातून उलगडत नाही. प्रश्न अगदी योग्य आहे. या शहरात अनेक वर्षे संघटनेचे काम करताना माझे असे मत बनले आहे की प्रकारांची नावे पाठ करण्यापूर्वी एकच गोष्ट तपासावी: या कामगारांची मजुरी प्रत्यक्षात कोण ठरवतो आणि ती कोठे बसून ठरते? संघटनेची रचना त्या जागेपर्यंत पोहोचणारी असली पाहिजे. ती तेथपर्यंत पोहोचत नसेल, तर सभासद कितीही जमवले तरी करारावर सही करायला समोर कोणी बसत नाही.

पुस्तकांतील गोंधळाचे मुख्य कारण असे की तेथे वेगवेगळ्या कसोट्या एकाच यादीत मिसळलेल्या असतात. सभासद कोणाला होता येते, ही एक कसोटी झाली. संघटनेचे कार्यक्षेत्र केवढे, ही दुसरी. स्थानिक संघटना वरच्या पातळीवर कशी जोडलेली आहे, ही तिसरी. आणि कायद्याने तिला केवळ नोंदणीचा दर्जा आहे की वाटाघाटीचाही अधिकार आहे, ही चौथी. एकच संघटना सभासदत्वाने उद्योगनिहाय, कार्यक्षेत्राने जिल्ह्यापुरती, महासंघाला संलग्न आणि तरीही वाटाघाटीच्या अधिकाराविना असू शकते. सुधारणावादी, क्रांतिकारी वगैरे जे उद्दिष्टांवरून केलेले वर्गीकरण असते, ते विचारधारेच्या अभ्यासाला उपयोगी आहे. रचनेच्या प्रश्नात त्याची फारशी मदत होत नाही, म्हणून ते मी येथे बाजूला ठेवतो.

सर्वांत जुना प्रकार व्यवसायनिहाय संघटनेचा. एकाच कसबाचे कामगार, मग ते कोणत्याही मालकाकडे असोत, एकत्र येतात. ब्रिटनमध्ये 1851 साली स्थापन झालेली अमाल्गमेटेड सोसायटी ऑफ इंजिनिअर्स ही या प्रकाराची नमुनेदार संघटना होती: वर्गणी जड, सभासदांना आजारपणाचे व बेकारीचे लाभ, आणि शिकाऊ उमेदवारी पूर्ण केल्याशिवाय कोणाला कसबात शिरू न देण्याचा कटाक्ष. अमेरिकेत 1886 च्या अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरने हीच पद्धत धरली. पुढे मोटार आणि पोलाद कारखान्यांत अर्धकुशल कामगारांची संख्या वाढली, त्यांना या रचनेत जागा नव्हती, आणि 1935 पासून उद्योगनिहाय संघटना बांधणारा गट वेगळा निघाला. हे दोन प्रवाह 1955 मध्ये पुन्हा एकत्र आले. कसब दुर्मीळ असेपर्यंत व्यवसायनिहाय संघटनेचे बळ टिकते, हा त्यातला मूळ हिशेब आहे.

आपल्याकडे याचे जिवंत उदाहरण रेल्वेत सापडते. सोलापूर हा मध्य रेल्वेचा विभाग असल्याने येथील कार्यकर्त्यांना हे जवळून पाहता येते. मान्यताप्राप्त संघटना सर्व खात्यांतील कर्मचाऱ्यांच्या असतात. परंतु इंजिन चालवणाऱ्यांची ऑल इंडिया लोको रनिंग स्टाफ असोसिएशन ही स्वतंत्र संघटना आहे, कारण त्यांच्या कामाचे तास, विश्रांती आणि जबाबदारी इतरांपेक्षा निराळी आहे. 1973 च्या त्यांच्या संपानंतर ड्युटी दहा तासांहून अधिक नसावी, हा प्रश्न देशापुढे आला. मान्यता नसलेल्या संघटनेने हे केले, ते केवळ गाडी चालवणारा हात त्यांचा होता म्हणून.

उद्योगनिहाय संघटनेत खाते, हुद्दा, कसब यांचा भेद न करता त्या उद्योगातील सर्वांना सभासद करून घेतले जाते. गिरणीधंद्यात याचे दोन वेगळे मार्ग दिसले आणि आपण ते दोन्ही अभ्यासावेत असा माझा आग्रह आहे. अहमदाबादच्या मजूर महाजनाने 1920 मध्ये थ्रॉसल (सूतकताई), साचेखाते (विणकाम) वगैरे खातेवार संघटना तशाच ठेवून त्यांच्या प्रतिनिधींचे संयुक्त मंडळ वर बसवले. म्हणजे पाया खात्याचा आणि शिखर उद्योगाचे. मुंबईत 1928 च्या सार्वत्रिक संपात उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनने सर्व खात्यांची एकच संघटना केली आणि खाली प्रत्येक गिरणीत गिरणी समिती ठेवली. म्हणजे पाया कामाच्या जागेचा. पहिल्या रचनेत खात्याखात्यांतील दरांचे बारकावे नीट सांभाळले जातात, पण सर्वांनी एकत्र उठायचे म्हटले की मंडळाची संमती मिळवावी लागते. दुसऱ्या रचनेत संप झपाट्याने पसरतो, पण साचेवाल्याचा प्रश्न रिंगखात्यातल्या, म्हणजे सूतकताईच्या खात्यातल्या, बाईला आपला वाटेपर्यंत समितीला खूप झिजावे लागते. त्याआधी, 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संस्था काढली होती आणि रविवारच्या सुटीसाठी तिने मोठे काम केले. तथापि नियमित सभासद, वर्गणी आणि नियमावली नसल्याने तिला आजच्या अर्थाने संघटना म्हणत नाहीत. हा फरक लहान वाटतो, परंतु रचना म्हणजे काय हे त्यातूनच कळते.

आता कायद्याकडे वळतो, कारण महाराष्ट्रात संघटनांचे आकार कायद्याच्या मोजणीने घडले आहेत आणि याकडे पुस्तके पुरेसे लक्ष देत नाहीत. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, 1946 याने कापड, साखर यांसारख्या उद्योगांत सभासदसंख्या मोजण्याचा घटक एक कारखाना न धरता ‘एका स्थानिक क्षेत्रातील संपूर्ण उद्योग’ असा धरला. त्या क्षेत्रातील उद्योगाच्या 25 टक्के कामगारांचे सभासदत्व ज्या संघटनेकडे, ती प्रातिनिधिक संघटना. आणि मालकांशी बोलण्याचा हक्क तिचाच. परिणाम असा झाला की सोलापूर असो वा मुंबई, गिरणीधंद्यात शहरव्यापी संघटना हाच एकमेव उपयोगी आकार ठरला. सोलापुरातील, 1877 साली स्थापन झालेल्या जुन्या मिलचा किंवा लक्ष्मी-विष्णू मिलचा कामगार आपापल्या गिरणीपुरती संघटना काढून मजुरीचा करार करू शकत नव्हता. या रचनेचे सामर्थ्य मोठे होते: शहरातील सर्व गिरण्यांना एकच दर, बदली कामगारालाही तोच. तिची दुसरी बाजू 18 जानेवारी 1982 पासूनच्या मुंबईच्या संपात दिसली. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे उभे असताना कायद्याच्या दृष्टीने प्रातिनिधिक संघटना राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच राहिली, आणि ज्यांच्या मागे कामगार होते त्यांना वाटाघाटीचे दार बंद होते. रचना आणि पाठिंबा यांची फारकत झाली की काय घडते, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही, आणि त्याची किंमत कामगारांच्या घरांनी मोजली, हे विसरता येत नाही.

याउलट 1971 च्या महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्याने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या एकेका उपक्रमात सहा महिन्यांचे 30 टक्के सभासदत्व ही मान्यतेची कसोटी ठेवली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्येही मोजणीचा घटक आस्थापनाच आहे: एकाहून अधिक संघटना असतील तेथे हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते आणि तेवढा पाठिंबा कोणाकडेच नसेल, तर 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी अशा प्रमाणात वाटाघाटी परिषद बनते. कारखाना हे मोजणीचे माप झाले की संघटनाही कारखान्यापुरत्या होऊ लागतात. अभियांत्रिकी आणि औषधनिर्मितीच्या पट्ट्यांत ‘अमुक कंपनी कामगार संघटना’ अशी जी नावे दिसतात, त्यांचे मूळ येथे आहे.

ही आस्थापनानिहाय संघटना जपानमध्ये मुख्य प्रकार म्हणून रुजलेली आहे. कंपनीचा ताळेबंद, बोनस, बढती यांविषयी ती फार नेमकेपणाने बोलू शकते, हे तिचे बलस्थान मान्य केलेच पाहिजे. तिची कमजोरी कंत्राटी कामगाराच्या बाबतीत उघडी पडते: तो त्याच फाटकातून आत येतो, तेच काम करतो, पण हजेरीपटावर नसल्याने सभासदांच्या व्याख्येतच बसत नाही. नियमावली लिहिताना ही ओळ कोणी मुद्दाम रुंद केली नाही, तर पुढच्या काही वर्षांत कायम कामगार कमी होत जातात आणि संघटना आपोआप लहान होते.

सर्वसाधारण संघटना उद्योगाची आणि कसबाची दोन्ही बंधने सोडते. लंडनच्या गोदी कामगारांच्या 1889 च्या संपाने अकुशल कामगारही संघटित होतो हे दाखवले, आणि 1922 ची ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन ही त्या परंपरेतील मोठी संघटना झाली. आपल्याकडे हमालांच्या संघटना याच्या जवळ येतात, परंतु त्यांच्या रचनेचे स्वतःचे वैशिष्ट्य आहे: तिचा पाया टोळी हा आहे. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या हंगामात पाहावे. गाडी लागली की ती कोणत्या टोळीने उतरवायची हे ठरलेले असते, मजुरी टोळीची होते आणि मग ती आपसांत वाटली जाते. 1969 च्या माथाडी (म्हणजे हमाल) कामगारांच्या कायद्याने ही टोळी मोडली नाही. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही (ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम) माथाडी मंडळात भरावी आणि मंडळाने कामगाराला ती द्यावी, अशी व्यवस्था केली. मंडळावर मालक, कामगार आणि शासन अशा तिन्ही बाजू असतात. त्यामुळे मजुरी ठरण्याची जागा एका व्यापाऱ्याच्या गाळ्यातून मंडळात आली आणि संघटनेलाही गाळ्यागाळ्यांतून बाहेर पडून मंडळाच्या पातळीवर उभे राहावे लागले.

आता सोलापूरचा विडी उद्योग, ज्याविषयी मला अधिक विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण कोणत्याही ठरीव प्रकारात तो नीट मावत नाही. विडी वळणारी बाई पूर्व भागातील आपल्या घरात बसून काम करते. कारखान्याच्या शाखेतून पान, तंबाखू आणि दोरा आणायचा, घरी पाने भिजवून, कापून विड्या वळायच्या आणि तयार माल परत शाखेत नेऊन द्यायचा. मजुरी हजारी विड्यांच्या दराने. शाखेतल्या त्या टेबलापाशी तिच्या मजुरीचा अर्धा प्रश्न दररोज ठरतो: पान खराब निघाले तर विड्या कमी भरतात आणि भुर्दंड तिला, तपासणाऱ्याने छाट काढली, म्हणजे सदोष म्हणून विड्या बाजूला टाकल्या, तर तेवढ्या विड्यांची मजुरी गेली. मात्र हजारी दर त्या टेबलावर ठरत नाही. तो किमान वेतनाच्या अधिसूचनेने मुंबईत ठरतो, आणि तेथे दर वाढला की उत्पादन शेजारच्या राज्यात नेण्याची भाषा सुरू होते, म्हणून तो प्रश्न देशपातळीवरही जातो. म्हणजे एकाच बाईची मजुरी तीन ठिकाणी ठरते आणि तिच्या संघटनेला तिन्ही ठिकाणी असावे लागते: शाखेवर प्रतिनिधी, राज्यात महासंघ, आणि देशात अखिल भारतीय फेडरेशन.

याशिवाय चौथे ठिकाण वस्तीचे आहे. काम घरात असल्यामुळे घराची जागा हीच कामाची जागा असते, आणि म्हणून येथील विडी संघटनांनी घरांचा प्रश्न हाती घेतला, तो दयाबुद्धीने नव्हे. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेतून दहा हजार घरकुले उभी राहिली. त्याच भागात असंघटित कामगारांसाठीच्या रे नगर प्रकल्पातील पंधरा हजार घरे 19 जानेवारी 2024 रोजी हस्तांतरित झाली. सहकारी संस्था ही कायद्याने वेगळी संस्था असते, तिचे हिशेब आणि निवडणुका वेगळ्या असतात, तरीही संघटनेच्या भोवती अशा संस्था असणे हा रचनेचाच एक भाग मानला पाहिजे. 1972 मध्ये इला भट्ट यांनी अहमदाबादेत स्थापन केलेल्या ‘सेवा’नेही संघटना आणि सहकारी संस्था यांची अशीच जोडणी केली.

वरच्या पातळीवरच्या रचनेविषयी थोडक्यात सांगतो. आयटक (1920), इंटक (1947), हिंद मजदूर सभा (1948), भारतीय मजदूर संघ (1955) आणि सिटू (1970) या केंद्रीय संघटना होत. कामगार सर्वसाधारणपणे आपल्या स्थानिक संघटनेचा सभासद असतो आणि ती संघटना केंद्रीय संघटनेला संलग्न असते. संलग्नतेमुळे नोंदणी, बँक खाते आणि निर्णयाचा अधिकार स्थानिक संघटनेकडेच राहतो. एकत्रीकरणात मात्र जुनी संघटना उरत नाही, आणि म्हणूनच 1926 च्या कामगार संघटना कायद्याने त्यासाठी निम्म्या सभासदांचे मतदान व त्यातील 60 टक्के अनुकूल मते अशी कडक अट घातली होती. स्वीडनमध्ये अंगमेहनतीचे, कचेरीतले आणि उच्चशिक्षित अशा कामगारांचे तीन वेगळे महासंघ आहेत. आपल्याकडे ही फाळणी कामाच्या स्वरूपावर न होता राजकीय विचारावर झाली, आणि एकाच कारखान्यात तीन-तीन झेंडे असण्याचे मुख्य कारण तेच आहे.

वाटाघाटीच्या पायऱ्या आणि संघटनेच्या पायऱ्या नेमक्या जुळलेल्या पाहायच्या असतील, तर पुन्हा रेल्वेकडे पाहावे. 1952 पासूनच्या कायम वाटाघाटी यंत्रणेत झोन आणि रेल्वे बोर्ड अशा पायऱ्या आहेत, विभागीय पातळीवरही बैठका होतात. आणि संघटनाही शाखा, विभाग, झोन, अखिल भारतीय महासंघ अशी उभी आहे. सोलापूरच्या शाखेने क्वार्टरच्या दुरुस्तीचा प्रश्न विभागात मांडायचा आणि वेतनाचा प्रश्न महासंघाने दिल्लीत. बँकांमध्येही पगार द्विपक्षीय कराराने देशपातळीवर ठरतो, म्हणून तेथे नऊ संघटनांना संयुक्त मंच करून एका बाजूला बसावे लागते.

एखाद्या संघटनेची खरी रचना ओळखायची असेल, तर तिच्या नावावर किंवा लेटरहेडवर जाऊ नये. पावतीपुस्तक कोणाच्या नावाने छापले आहे, वर्गणीतला किती वाटा शाखेत राहतो आणि करारावर सही कोण करतो, एवढे विचारावे. वर्गणी पूर्ण वर जात असेल आणि सहीही वरचाच करत असेल, तर ती नावाने महासंघ असली तरी प्रत्यक्षात केंद्रित संघटना आहे. वर्गणी कारखान्यात राहते आणि सहीही तेथेच होते, तेथे महासंघ केवळ सल्लागार उरतो.

आता आपल्या मूळ प्रश्नावर येतो. सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात एका पाळीला मोजके विणकर, एखादी कांडी भरणारी बाई आणि गरजेनुसार येणारा जॉबर (माग दुरुस्त करणारा) एवढीच माणसे असतात. एकाच मालकाचे माग अनेकदा वेगवेगळ्या नावांच्या युनिटांत विभागलेले असतात. येथे आस्थापनानिहाय संघटना बांधणे म्हणजे मालकाने केलेली विभागणी आपण स्वतःहून मान्य करणे होय. शिवाय मजुरीचा दर एका युनिटात ठरत नाही. तो मालकांच्या संघाशी होणाऱ्या बोलणीत आणि किमान वेतनाच्या अधिसूचनेत ठरतो. केवळ विणकरांची व्यवसायनिहाय संघटना काढली तर कांडीवाल्या बाया आणि शिलाईच्या कामगार, म्हणजे बहुतेक स्त्रिया, बाहेर राहतील. म्हणून माझा स्पष्ट सल्ला जिल्हा कार्यक्षेत्राच्या उद्योगनिहाय संघटनेचा आहे.

नोंदणीसाठी किमान सात जणांनी अर्ज करावा लागतो आणि संबंधित उद्योगातील 10 टक्के किंवा 100 कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढे सभासद असावे लागतात. जिल्ह्याचा उद्योग धरला तर हजारोंचे 10 टक्के जमवण्याची गरज नसून 100 पुरतात, हा या आकाराचा व्यावहारिक फायदा आहे. मात्र ही संख्या नोंदणीनंतरही टिकवावी लागते, म्हणून सभासद नोंदवही पहिल्या दिवसापासून नीट ठेवावी. नियमावलीत उद्योगाची व्याख्या लिहिताना ‘यंत्रमाग’ एवढाच शब्द न घालता वार्पिंग, वाइंडिंग, विणकाम, रंगाई, शिलाई, पॅकिंग आणि या कामांवरील कंत्राटी व घरून काम करणारे कामगार असे सर्व स्पष्ट लिहावे. पायाभूत घटक युनिट न ठेवता भाग समिती ठेवावी: अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीची एक, अशोक चौक परिसराची एक, अशा. विणकर, कांडी व शिलाई यांचे स्वतंत्र विभाग करून प्रत्येकाला कार्यकारिणीत राखीव जागा द्यावी, नाहीतर सर्व जागा विणकर पुरुषांकडे जातात. सभेची सूचना मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही काढावी. या शहरात त्यावाचून अर्धी सभा येत नाही.

जेथे गणवेशाच्या एखाद्या मोठ्या कारखान्यात पुरेसे कामगार एका छताखाली असतील, तेथे संहितेखाली वाटाघाटीचा दर्जा आस्थापनेच्या पातळीवरच मागावा लागेल. त्यासाठी वेगळी संघटना काढण्याचे कारण नाही. जिल्हा संघटनेचीच कारखाना समिती करावी आणि त्या कारखान्यापुरता करार करण्याचा अधिकार तिला देणारे कलम नियमावलीत आधीच घालून ठेवावे. त्या करारावर कारखाना समितीचे दोन प्रतिनिधी आणि जिल्हा सरचिटणीस अशा तिघांच्या सह्या बंधनकारक कराव्यात, आणि करार अंतिम करण्यापूर्वी त्या कारखान्यातील सभासदांच्या सभेची मंजुरी घेण्याची अट त्याच कलमात लिहावी.